रविवारी अक्षरचित्रासाठी जमायचं आहे

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता, जळगावला, नेहमीच्याच जागी. बहिणाबाई चौधरींच्या ओळी हाताने लिहून त्यातूनच दळायच्या जात्याचं चित्र उभं करायचं: जवळून कविता, दहा फुटांवरून जातं. चित्राची रेघ एकही नको. सावलीत अक्षर बारीक आणि दाट, उजेडात मोठं, विरळ. शिरोरेषा सलग ओढली की आडवे पट्टे दिसतात, म्हणून उजळ भागात ती तोडा किंवा सोडूनच द्या. अधूनमधून लांब जाऊन डोळे बारीक करून बघा.

बोलीतले शब्द मात्र कृपया 'शुद्ध' करू नका. बाईंना लिहिता येत नव्हतं; घरच्यांनी टिपून ठेवलं म्हणून हे आपल्यापर्यंत आलं.

०.१ व ०.५ मिमी टोकाचे काळे पेन, चित्रकलेचा जाड कार्ट्रिज कागद आणा. शुक्रवारपर्यंत नाव कळवा.