मोटरहोममधल्या सुट्या पेटीबद्दल

गावभाग, सांगली
दि. ८ डिसेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : न्यूझीलंड मोटरहोम सहल, दोन व्यक्ती, ५८ रात्री, १० फेब्रुवारीपासून. 'सेल्फ कंटेन्ड' म्हणून विकलेली गाडी तशी नसल्याबाबत.

महोदय,

आज सकाळी सव्वाअकरा वाजता तुमच्या कार्यालयातून मला सांगितलं गेलं, "काकू, आता जे काय असेल ते लेखी पाठवा, फोनवर आम्ही काही करू शकत नाही." हा माझा आठवा फोन होता. म्हणून लेखी पाठवते आहे. हे पत्र खालच्या कुणाकडं न ढकलता तुम्ही स्वतः वाचावं.

तुमच्याकडून घेतलेल्या सहलीत गाडीचं वर्णन 'फुल्ली सेल्फ कंटेन्ड, आत टॉयलेट' असं आहे, म्हणजे पाणी, शौचालय, सांडपाण्याची टाकी सगळं गाडीतच. त्यावर विसंबून तुम्ही ५८ पैकी ४१ रात्री फ्रीडम कॅम्पिंगच्या जागी मुक्काम लावलात, म्हणजे पैसे देऊन राहायच्या हॉलिडे पार्कात नाही, तर नगरपालिकांनी मोकळ्या ठेवलेल्या जागांवर. गाडीचा मॉडेल नंबर २६ नोव्हेंबरला, चार वेळा मागितल्यावर, हातात आला. तो घेऊन मी भाड्यानं गाडी देणाऱ्या तिथल्या कंपनीचं पत्रक पाहिलं. त्या गाडीत शौचालय बसवलेलंच नाही. शौचासाठी पलंगाखाली सरकवायची सुटी प्लॅस्टिकची पेटी आहे.

न्यूझीलंडनं जून २०२३ मध्ये याचा कायदा बदलला, हे तुम्हाला ठाऊक असलंच पाहिजे. सुटी पेटी आता चालत नाही. शौचालय गाडीत कायमचं बसवलेलं हवं आणि बिछाना अंथरलेला असतानाही ते आतून वापरता आलं पाहिजे. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला ४ लिटर, तेही तीन दिवसांचं, आणि सांडपाण्याची टाकी त्या हिशोबानं. एवढं सगळं तपासून घेतलं की गाडीला हिरवं वॉरंट, म्हणजे तपासणीचा हिरवा दाखला, मिळतं आणि त्यावर किती माणसांसाठी ते लिहिलेलं असतं. खाजगी मालकांना जून २०२६ पर्यंत मुदत आहे. भाड्याच्या गाड्यांना ती नाही. त्यांच्यासाठी ७ डिसेंबर २०२४ पासून नियम लागू झाला, म्हणजे काल बरोबर एक वर्ष झालं. सुट्या पेटीच्या गाडीला काही मोजक्या जागा सोडल्या तर रात्री थांबता येत नाही. थांबलं तर दंड, आणि भाड्याच्या करारात स्पष्ट लिहिलंय की दंड गाडी चालवणाऱ्यानं भरायचा. म्हणजे आम्ही. हे शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तुमचा तर हा धंदा आहे.

आता ३ डिसेंबरच्या फोनबद्दल लिहिते. बाकी सगळं मी गिळलं असतं, हा फोन मला गिळता येत नाही.

दुपारी पावणेतीनला फोन लावला. आधी एक मुलगा बोलला. मी विचारलं, "गाडीत शौचालय बसवलेलं आहे की सुटी पेटी आहे?" तो म्हणाला, "मॅडम, टॉयलेट आहे, लक्झरी गाडी आहे." मी म्हटलं, "बसवलेलं आहे का, एवढंच सांगा." तो म्हणाला, "टॉयलेट ते टॉयलेट, मॅडम." मी विचारलं, "बरं, गाडीला हिरवं वॉरंट आहे का?" थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज आला आणि उत्तर आलं, "हिरवी नाही मॅडम, पांढऱ्या रंगाची येईल." मी त्याला रागावले नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, त्याचा दोष नाही. मी ३४ वर्षं शाळेत शिकवलं आहे. न शिकवलेलं मूल आणि न शिकलेलं मूल यातला फरक मला कळतो. मी म्हटलं, "वरच्या साहेबांना द्या."

अकरा मिनिटं फोनवर तुमची जाहिरातीची धून ऐकली. मग तुमचे वरिष्ठ अधिकारी आले. त्यांना मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, कायद्याची तारीखही सांगितली. त्यांनी मध्येच तोडून म्हटलं, "काकू, जरा काकांना फोन देता का? त्यांना नीट समजावतो." आमचे हे शेजारीच बसले होते. फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, "मी गाडी चालवतो, नकाशा हिच्याकडं असतो. हिलाच सांगा." त्यावर तुमचे अधिकारी हसले आणि जे बोलले ते शब्दाला शब्द लिहिते, कारण मी तेव्हाच वहीत उतरवून घेतलं :

"काकू, एवढं काय मनावर घेताय? रात्री आडबाजूला गाडी लावायची, सकाळी लवकर उठून पेटी कुठंतरी झाडीत, नाहीतर ओढ्यात रिकामी करायची. कोण बघतंय तिथं? तुमच्या सांगलीत नदीत काय सोडत नाहीत?"

महोदय, मी गावभागात राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आम्ही नातेवाइकांकडं विश्रामबागेत होतो. पाणी ओसरल्यावर परत आलो, तेव्हा संडासातून उलटं आलेलं सगळ्या गल्लीचं पाणी स्वयंपाकघरात, धान्याच्या डब्यांत, माझ्या नकाशांच्या पेटीत होतं. चौदा दिवस मी ते घर धूत होते. हातांना फोड आले, वास दिवाळीपर्यंत गेला नाही. दुसऱ्याची घाण आपल्या घरात आली की काय होतं हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. आणि तुमचा माणूस मला सांगतो, परक्या देशात जाऊन दुसऱ्याच्या ओढ्यात पेटी ओता, कारण तुम्ही सांगलीच्या. मी त्यावर काही बोलले नाही, फोन ठेवला. पण तुमच्या कंपनीनं मला त्या दिवशी काय समजलं, ते मला नीट कळलं.

नदीत घाण सोडली जाते याची आम्हाला लाज वाटते, चीड येते. त्याच्या आधारानं कुणी आम्हाला तसं वागायला सांगू नये.

आता गाडीव्यतिरिक्त. नवव्या दिवशी तुम्ही न्यूझीलंडच्या कोरोमंडल भागात कोलव्हिल गावाच्या उत्तरेला मुक्काम लावला आहे. भाडेकराराच्या पानावर बंदी असलेल्या रस्त्यांची यादी आहे, त्यात नेमका कोलव्हिलच्या पुढचा रस्ता आहे. तिथं गाडी नेली तर विमा लागू होत नाही. करार तुम्हीच पाठवला आणि प्रवासाचा आराखडाही तुम्हीच पाठवला. दोन्ही एकाच पाकिटात होते.

पहिल्या दिवशी ऑकलंडला उतरून लगेच गाडी ताब्यात घ्यायची आणि त्याच दिवशी उत्तर टोकाचं केप रेइंगा गाठायचं, असं लिहिलं आहे. ते अंतर ४२० किलोमीटर आहे. फेब्रुवारीत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढं असतं. रात्रभर विमानात बसलेल्या ६४ वर्षांच्या माणसाला अनोळखी गाडी देऊन तुम्ही सहा तास रस्त्यावर पाठवता आहात. आमच्या ह्यांनी सांगली आगारात २९ वर्षं एसटी चालवली. आंबा घाट त्यांनी पावसात, धुक्यात, रात्री उतरला आहे, एकही अपघात नाही. त्यांनी आराखडा वाचून एवढंच विचारलं, "हे लिहिणाऱ्यानं कधी स्टेअरिंग हातात धरलंय का?" यावर तुमच्याकडून उत्तर नाही.

'अनलिमिटेड किलोमीटर, कसलाही जादा आकार नाही' असं तुमच्या कोटेशनमध्ये आहे. गाडी डिझेलची आहे. न्यूझीलंडमध्ये डिझेलच्या दरात रस्त्याचा कर धरलेला नसतो. तो वेगळा, किलोमीटरवर द्यावा लागतो, हलक्या वाहनाला हजार किलोमीटरला ७६ न्यूझीलंड डॉलर. आमचा प्रवास साडेपाच हजार किलोमीटरचा आहे. म्हणजे सव्वाचारशे डॉलरच्या आसपास, आणि ते गाडी परत करताना आमच्या कार्डावरून कापले जाणार. पर्यटकांवरचा शासकीय आकार तुम्ही ३५ डॉलर दाखवलात. तो १ ऑक्टोबर २०२४ पासून १०० आहे. दोघांचे १३० डॉलर कमी दाखवले. रक्कम लहान आहे, पण त्यावरून कळतं की तुमचं पत्रक वर्षभराहून जास्त काळ कुणी उघडून पाहिलेलं नाही. आणि मग शौचालयाचा नियम तुमच्या नजरेतून कसा सुटला, हेही कळतं.

आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचे तुम्ही ६,५०० रुपये लावले. आम्ही सांगलीच्या आरटीओत नमुना ४-ए भरून तो १,००० रुपयांत आणला.

पुन्हा शौचालयावर येते, कारण बाकीच्या चुका पैशानं भरून निघतील, ही निघणार नाही. ४१ रात्री फ्रीडम कॅम्पिंग रद्द करून हॉलिडे पार्कात राहायचं म्हटलं तर दोघांना रात्रीला ५० ते ७० डॉलर धरा, सव्वा लाख रुपयांचा खड्डा पडतो. 'सेल्फ कंटेन्ड' हा शब्द तुम्ही किमतीत विकला आहे. तो शब्द खोटा आहे.

ही सहल आमच्यासाठी काय आहे ते तुमच्या विक्री विभागाला मार्चमध्ये सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी फार आपुलकीनं ऐकलं. आयुष्यभर हे लोकांना त्यांच्या गावी पोचवत राहिले. दिवाळी, गणपती, जोतिबाची यात्रा, प्रत्येक सणाला ड्यूटी. मी फळ्यावर पॅसिफिकचं अग्निकंकण काढून शिकवलं, रोटोरुआचे उष्ण झरे शिकवले, टास्मान हिमनदी शिकवली, आणि एक अंदमान सोडलं तर कऱ्हाडच्या पलीकडं फारसं काही पाहिलं नाही. निवृत्त झाल्यावर ठरवलं, तिथं गाडी डाव्या बाजूनंच चालते, आपली गाडी आपण चालवायची, आपला स्वयंपाक आपण करायचा, घाई करायची नाही. दोन वर्षं मी दोनशे पानी वहीत टाचणं काढली. मिलफर्डच्या वाटेवरचा होमर बोगदा १.२ किलोमीटरचा आहे आणि आत मोठा उतार आहे, हे वाचून ह्यांनी तो उतार कसा घ्यायचा ते मला जेवताना हातवारे करून दाखवलं. त्या वहीतल्या पानापानाला आता तुमच्या चुकीनं खाडाखोड झाली आहे.

तुमच्या कंपनीबरोबर आम्ही २०११ मध्ये अंदमानला गेलो होतो. तेव्हाचे तुमचे मॅनेजर स्वतः पोर्ट ब्लेअरला रात्री दोन वाजता माझ्या सासूबाईंसाठी औषध शोधत फिरले होते. ती माणसं कुठं गेली, मला माहीत नाही. त्यांच्या भरवशावर मी ४ लाख ६० हजार रुपये आगाऊ भरले.

मला हवंय ते असं. कायमचं शौचालय बसवलेली, दोन माणसांसाठी हिरवं वॉरंट असलेली गाडी, त्याच किमतीत, आणि त्या वॉरंटची प्रत. नवा आराखडा, ज्यात पहिली रात्र ऑकलंडमध्येच असेल आणि बंदीच्या रस्त्यावर एकही मुक्काम नसेल. परवान्याचे ६,५०० रुपये परत. हे २० डिसेंबरपर्यंत जमत नसेल, तर सगळे पैसे परत करा, आणि व्हिसासाठी आमचा झालेला खर्चही.

नाहीतर २२ डिसेंबरला मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार आहे. २०१९ च्या कायद्यानं मला माझ्याच गावात दावा लावता येतो, त्यासाठी पुण्याला यावं लागत नाही, आणि पाच लाखांच्या आतल्या रकमेला फीही नाही. तारखेला तुमच्या माणसाला इथं यावं लागेल. मी वही, करार, कोटेशन आणि ३ डिसेंबरचं टिपण घेऊन हजर असेन.

आणि त्या अधिकाऱ्यांनी लेखी माफी मागावी. माझी नाही मागितली तरी चालेल, 'तुमच्या सांगलीत' म्हणाले त्याबद्दल मागावी.

उत्तर सही-शिक्क्यानिशी पोस्टानं पाठवा. फोन करू नका, मी उचलणार नाही.

आपली ग्राहक,
निवृत्त भूगोल शिक्षिका

ता. क. : तुमच्या सूचनापत्रकात 'तूप, लोणचं, मसाले, घरचे लाडू बिनधास्त सोबत न्या' असं लिहिलं आहे. न्यूझीलंडच्या विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते, नाही केली तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो. पुढच्या ग्राहकासाठी तरी ती ओळ काढा.