द्राक्षाच्या काड्यांवरचा वाफा आणि मावशींचे आभार

आदरणीय मावशी,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती दिले असते तरी चालले असते. परंतु निफाड तालुक्यात द्राक्षवेलींची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की बांधाबांधावर द्राक्षाच्या काड्या पेटवलेल्या दिसतात, आणि गेल्या हिवाळ्यात आमच्या घरची बहुतेक भाजी अशाच काड्या तळाशी रचलेल्या वाफ्यात पिकली. हे इतरांनाही कळावे म्हणून तुमचे आभार सर्वांसमोर मानत आहे.

आमच्या परसातील जमीन तुमच्या परिचयाची आहे. गोदाकाठची ती काळी, भारी माती परतीच्या पावसानंतर आठवडाभर पाय रुतवते आणि वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येतो न येतो तोच भेगाळू लागते. पाणी साचून मुळे गुदमरतात म्हणून मी उंच वाफा करायचे ठरवले आणि उसाचे पाचट दीड फूट रचून त्यावर चार बोटे माती पसरली. मेथी उगवली, पण दोन पानांवर येताच पिवळी पडली. तुम्ही कुंपणापलीकडून ते पाहिले, आत आलात आणि बोल न लावता कारण समजावून सांगितले. नुसता वाळलेला काडीकचरा कुजवताना जिवाणू मातीतील नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि पिकाच्या वाट्याला काही उरत नाही, त्यामुळे वाळल्या थराला हिरव्या थराची आणि शेणाची जोड हवीच, हे मला तेव्हा प्रथम कळले.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही छाटणीच्या काड्या ट्रॅक्टरभर पाठवल्या आणि स्वतः उभे राहून वाफा रचून घेतलात. लांबी दहा फूट, रुंदी मात्र साडेतीन फुटांहून अधिक नाही, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे आणि वाफ्यात पाय पडता कामा नये. तळाशी काड्या, त्यांवर पालापाचोळा, मग उपटलेले हिरवे तण आणि स्वयंपाकघरातील देठे-साली, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेले शेण), पुन्हा पालापाचोळा आणि शेवटी शेणखत मिसळलेली माती. प्रत्येक थर पाण्याने भिजवल्याशिवाय तुम्ही पुढचा थर टाकू दिला नाहीत, कारण कोरडा राहिलेला थर कुजत नाही आणि त्यात वाळवी शिरते. वाळवी लागू नये म्हणून काड्यांवर निंबोळी पेंडही टाकायला लावलीत.

त्याच संध्याकाळी बी टाकायची माझी घाई होती. तुम्ही एवढेच म्हणालात, “थांबा.” पाचव्या दिवशी येऊन तुम्ही एक लोखंडी सळई वाफ्यात खोल खुपसली, थोड्या वेळाने उपसली आणि माझ्या हातात दिली. तिचे टोक मला धरवेना. आत कुजण्याची उष्णता एवढी होती की कोवळी मुळे तिथे जगली नसती. सळई कोमट लागेपर्यंत आणखी दोन आठवडे गेले, वाफा जवळपास एक वीत खाली बसला, आणि मग मेथी, पालक, रगडलेले धने, लसणाच्या पाकळ्या आणि कोबीची रोपे लावली. मुळा आणि गाजर यांना मात्र तुम्ही पहिल्या वर्षी मनाई केलीत. अर्धवट कुजलेल्या काडीला अडून त्यांची मुळे फाटे फोडतात. मला तुमच्या मदतीत सर्वांत मोलाचे वाटते ते हे थांबायला लावणे. काड्या कदाचित दुसऱ्या कोणी दिल्याही असत्या, पण सळई हातात देऊन मला थोपवणारे दुसरे कोणी नव्हते.

पुढे थंडीची लाट आली. पहाटे बागाबागांत द्राक्षे थंडीपासून वाचवायला पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर दिसू लागला, त्या धावपळीतही तुम्ही निरोप पाठवलात की वाफ्यावर बांबूच्या कामट्या वाकवून संध्याकाळी जुन्या साड्या पांघराव्यात आणि ऊन पडताच काढाव्यात. साडी अपुरी पडल्याने एका टोकाचा पालक उघडा राहिला होता. सकाळी त्याची पाने उकडल्यासारखी काळवंडून लोळली होती. पांघरुणाखालची मेथी टवटवीत होती. तिची पहिली जुडी तुमच्याकडे आणून दिली, तेव्हा तुम्ही तिची मुळे उलटी करून मातीचा वास घेतलात. तुमच्या चेहऱ्यावरचे ते समाधान मी विसरलेलो नाही.

आता तो वाफा बराच खाली बसला आहे. परवा एका कोपऱ्यात उकरून पाहिले, तर काड्या बोटांनी मोडत होत्या आणि त्यांच्या सालीखाली गांडुळे होती. यंदा त्यात गाजर लावणार आहे, आणि शेजारी नव्या वाफ्याची जागाही आखून ठेवली आहे. तुमच्या बागेची छाटणी पुढच्या आठवड्यात आहे असे समजले. काड्या कोणाला देऊ केल्या नसतील तर कृपया राखून ठेवाव्यात. या वेळी वाहन घेऊन मीच येईन आणि त्या उचलून नेईन.

आपला,
कुंपणापलीकडचा शेजारी