अंगणात थोडी माती राहू द्या

मा. संपादक,
स.न.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं जुन्या घरांच्या नूतनीकरणाचं पान मी नेमानं वाचते. घरं सुंदर असतात, पण अंगणं आमच्याकडची नसतात. हिरवीगार लॉन, दोन पाम, मधून चकचकीत फरशीची वाट. आमच्या आर्वी तालुक्यात मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो आणि नळ एक दिवसाआड येतो. पाणी लॉनला पाजायचं की म्हशीला?

गावात कवेलूची, म्हणजे कौलारू, घरं उतरवून स्लॅब पडताहेत, त्याबद्दल तक्रार नाही. कवेलू फेरायला आता माणूसच मिळत नाही. पण स्लॅबसोबत अंगणभर गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, आले. दुपारी त्यावर अनवाणी पाय टाकून बघा. दिवसभर तापलेले गट्टू रात्री छपरीत झोपू देत नाहीत, कुलर लावा नाही तर नका लावू. शेजारच्या लग्नात मुहूर्तमेढ रोवायला हातभर माती सापडेना. शेवटी तेलाच्या पिप्यात रेती भरून मेढ उभी केली. भटजी काही बोलले नाहीत, बायका मात्र बोलल्या.

आम्ही सासऱ्यांच्या वेळचं घर दुरुस्त करून घेतलं, तेव्हा शहरातल्या एकानं अंगणाचा नकाशा काढून दिला होता. त्यात पश्चिमेचा जुना कडुलिंब तोडायचा होता, कारण पाला पडतो, आणि कुंपणाला कोनोकार्पस हे शोभेचं परदेशी झाड लावायचं होतं. हाच कोनोकार्पस लावायला गुजरात सरकारनं २०२३ मध्ये बंदी घातली. लिंबाचा पाला पडतो हे खरं, पण तो फाल्गुनात. चैत्रात नवी पालवी फुटते आणि ऊन तापायच्या वेळी पश्चिमेच्या भिंतीवर सावली तयार असते. एवढं हिशेबानं वागणारं झाड नर्सरीत पैसे देऊन मिळत नाही. आम्ही लिंब ठेवला, नकाशा ठेवला नाही.

नकाशात मातीचा तर विचारच नव्हता. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पायव्याला खेटून मोठं झाड लावलं की मुळ्या तिथलीच ओल ओढतात, त्या बाजूची माती जास्त बसते आणि भिंतीला तिरपी चीर जाते. भिंतीलगत पाणी साचलं तरी तेच दुखणं. म्हणून आम्ही घराभोवती मुरूम ठोकून बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि स्लॅबचं पाणी पाइपानं लांबच्या शोषखड्ड्यात सोडलं. पाडलेल्या भिंतीचे दगड ओट्यापासून फाटकापर्यंत सुटे मांडले, मधे चुरी भरली. पाऊस पडला की पाणी तिथेच मुरतं, चिखल होत नाही. न्हाणीचं पाणी मागे सांदवाडीत केळी, आळू आणि कर्दळीला जातं. जुन्या घराच्या सागवानी फाट्यांचा मांडव करून त्यावर दोडका सोडला आहे. दिसायला जाईच्या वेलाइतका देखणा नाही, पण भाजी होते. पारिजातक पूर्वेला, सडा पडेल तो ओट्यासमोर. मधली जागा मोकळी आणि मातीचीच ठेवली. कुरड्या-सांडग्यांची वाळवणं तिथेच बाजेवर होतात, आणि उद्या घरात लग्न निघालं तर मेढीसाठी पिपा शोधावा लागणार नाही.

सेवाग्रामचा आश्रम आमच्याच जिल्ह्यातला. माती, बांबू, कवेलू अशा इथल्याच वस्तूंनी उभ्या केलेल्या त्या कुट्या आणि भोवतालची झाडं लोक लांबून बघायला येतात. तेच लोक घरी गेले की गट्टूवाल्याला फोन करतात.

माझी विनंती एवढीच की पुरवणीत एकदा आमच्याकडच्या अंगणाचा नकाशा छापा. पश्चिम कोणती, उतार कुठे, झाड भिंतीपासून किती लांब, न्हाणीचं पाणी कुठे, हे चित्रात ठळक दाखवा. लेख नसला तरी चालेल. आमचे गवंडी लेख वाचत नाहीत, पण चित्र कापून खिशात ठेवतात.

आपली,
एक वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा