शटरचा आकडा वाढला की उजेड घटतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत फिल्म कॅमेऱ्यावर लेख पाहून फार बरे वाटले. पण 'उजेड कमी असेल तर शटर स्पीडचा आकडा वाढवावा' हे त्यातले वाक्य साफ उलटे आहे. त्यावर विसंबून कुणाचा अख्खा रोल वाया जाऊ नये, म्हणून हे पत्र.

शटर म्हणजे फिल्मसमोरचा पडदा, आणि तो किती वेळ उघडा राहतो ते शटर स्पीड. कॅमेऱ्याच्या डायलवर १२५ लिहिलेले असते ते १/१२५ सेकंद. वरचा एक कोरत नाहीत, फक्त छेद दिसतो. ६० वरून १२५ वर गेलात की शटर जेमतेम निम्मा वेळ उघडते आणि फिल्मवर निम्माच उजेड पोचतो. ३० वर आलात तर दुप्पट. वडिलांनी मला हे कानाने शिकवले. रिकामा कॅमेरा, डायल १ वर. बटण दाबले की 'खट', मग चांगला सेकंदभर थांबून पुन्हा 'खट'. ८ वर दोन्ही आवाज जवळ येतात, ६० वर एकात एक मिसळून जातात. जुन्या कॅमेऱ्यात तेल घट्ट होऊन हे संथ स्पीड आणखी रेंगाळतात, तेही अशाने लगेच कळते.

लेखात फ्लॅशचा उल्लेखच नाही. बहिणीच्या पदवीदानाला मी फ्लॅश लावला आणि डायल २५० वर ठेवला. फोटो धुऊन आले तर प्रत्येकात कडेला एक उभी पट्टी उजळलेली, बाकी सगळे काळे. बहीण एकाही फोटोत नव्हती. माझ्या कॅमेऱ्याच्या कापडी शटरला दोन पडदे आहेत. ६० पर्यंत पहिला पूर्ण सरकल्यावरच दुसरा निघतो, त्यामुळे क्षणभर सगळी फिल्म उघडी असते. त्याहून वेगात दुसरा आधीच निघतो आणि फिल्मसमोरून नुसती फट सरकत जाते. फ्लॅश चमकतो तेव्हा त्या फटीपुरतीच फिल्म उजळते. म्हणून तर डायलवर ६० किंवा १२५ हा एखादा आकडा वेगळ्या रंगात असतो किंवा त्याच्याजवळ एक्स असतो. फ्लॅश लावताना त्याच्या पुढे जाऊ नये.

हातात धरून काढायचे असेल तर ५० मिलिमीटरच्या लेन्सला ६० च्या खाली उतरू नये, फोटो हलतो. तेवढ्यावर उजेड कमी पडला तर लेन्सचे छिद्र मोठे करावे, नाहीतर स्टँड घ्यावा.

दुरुस्ती कृपया येत्या रविवारीच छापावी. लेख वाचून ज्यांनी रोल भरला असेल, त्यांच्या ३६ पैकी उरलेल्या फोटोंना तरी ती उपयोगी पडेल.

आपली,
एक नियमित वाचक