धुकं उतरल्यावर जीपीएस सुरू करून उपयोग नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की धुक्यात वाट चुकून ट्रेकर अडकल्याच्या बातम्या सुरू होतात आणि बातमीखाली ठरलेला सल्ला येतो : सोबत जीपीएस ठेवा. सल्ला बरोबर, पण अर्धा. हातातलं जीपीएस यंत्र तुम्ही कुठे उभे आहात ते सांगतं. आलात कुठून, हे त्याला ठाऊक असायला हवं तर ते पायथ्यापासून चालू हवं. बरेच जण ते सॅकच्या तळाशी ठेवतात आणि वाट हरवली की बाहेर काढतात. मग पडद्यावर एक ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती काहीच नसतं.

यंत्र सुरू करायची जागा म्हणजे वाडीतलं शेवटचं घर, जिथे डोक्यावर आकाश मोकळं असतं. एकेका उपग्रहाची कक्षा उतरवून घ्यायला सुमारे ३० सेकंद अखंड सिग्नल लागतो. यंत्र महिनोन्‌महिने बंद असेल तर सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक नव्याने घ्यायला १२ मिनिटांहून जास्त वेळ जाऊ शकतो. झाडीत शिरल्यावर हा सिग्नल तुटत राहतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून अचूकतेचा आकडा १० मीटरच्या खाली येईपर्यंत बुटाच्या नाड्या बांधत बसावं. मागच्या ट्रेकचा ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची यंत्राने काढलेली रेषा, जतन करून चालू नोंद रिकामी करावी, नाहीतर दोन्ही रेषा एकमेकींत गुंततात. पहिला वेपॉइंट, म्हणजे यंत्रात नाव देऊन साठवलेली जागेची खूण, तिथेच घ्यावा.

पुढचे वेपॉइंट कुठे घ्यायचे, यातच खरी मेख आहे. देऊळ, बुरूज, टाकं यांचे घेतले जातात, कारण तिथे लोक थांबतात. गरज असते ती ढोरवाटा फुटतात तिथे, ओढा ओलांडतो तिथे आणि सगळ्यात जास्त, कारवीच्या रानातून पठारावर बाहेर पडतो त्या जागी. चढताना ती जागा लक्षातही येत नाही, कारण समोर मोकळं पठार असतं. उतरताना कारवीतली प्रत्येक फट सारखीच दिसते आणि त्यातली एखादी थेट कड्यावर जाते. यंत्र आपणहून ००१, ००२ अशी नावं देतं. संध्याकाळी त्यातलं ००७ म्हणजे काय, हे कुणालाच आठवत नाही. ‘ओढा’, ‘फाटा उजवा’ एवढं तरी लिहावं.

परतताना नोंदवलेल्या ट्रॅकवरूनच उलट चालावं. ‘गो टू’ दाबलं की साधं यंत्र लक्ष्याकडे सरळ रेघ मारतं, आणि सह्याद्रीत सरळ रेघेइतकं घातक काही नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहून खाली पायथ्याच्या बेलपाडा गावाचा वेपॉइंट निवडला तर यंत्र बाण कड्याच्या बाहेर दाखवेल. त्याच्या हिशेबाने ते चूकही नाही.

नकाशाच्या समोच्च रेषाही, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पाहून घ्याव्यात. फुकट मिळणाऱ्या बहुतेक नकाशांतल्या रेषा २००० सालच्या अमेरिकी अंतराळयानाच्या रडार मोजणीवरून काढलेल्या असतात. त्या मोजणीत साधारण ३० मीटरला एक उंची असते. त्यामुळे तुटलेला कडा नकाशावर नुसता तीव्र उतार होऊन बसतो. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा आहे असंच धरून चालावं.

नाळेतून, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून, चढताना वेगळीच अडचण येते. दोन्ही बाजूंना कातळभिंती असल्याने फक्त डोक्यावरचे उपग्रह दिसतात, आणि बाजूच्यांचा सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो. ठिपका तीस-चाळीस मीटर उडी मारून शेजारच्या डोंगरधारेवर जाऊन बसतो. ‘गगन’ या आपल्या उपग्रह प्रणालीची दुरुस्ती यंत्रात चालू केली तर वातावरणामुळे येणारी चूक कमी होते, ही भिंतीची चूक नाही. नाळेत वेपॉइंट घ्यायचाच असेल तर सरासरी घेण्याची सोय वापरून दोन-तीन मिनिटं थांबावं. दुसऱ्याने पाठवलेल्या जीपीएक्स फाइलवर (ट्रॅक आणि वेपॉइंट साठवलेली फाइल) मीटर-मीटरचा भरवसा का ठेवू नये, याचंही उत्तर इथेच आहे. शिवाय फाइल पाठवणारा स्वतःच कुठे भरकटला होता, ते त्या रेषेवरून कळत नाही.

आणखी एक. ज्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही, उदाहरणार्थ गार्मिन कंपनीचं ईट्रेक्स १० किंवा २२एक्स, त्यातला बाण चालत असतानाच खरा असतो. थांबलात की तो कुठेही फिरतो. दिशा कळावी म्हणून धुक्यात, कड्याजवळ दहा पावलं चालून पाहणं हा शहाणपणा नव्हे. साधं चुंबकीय होकायंत्र खिशात असावं. महाराष्ट्रात खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत जेमतेम एखाद्या अंशाचाही फरक नाही, त्यामुळे दुरुस्तीची कटकट नाही.

उंचीच्या आकड्यावरून वाद होतात. मोबाइलच्या काही ॲपमध्ये १६४६ मीटरचं कळसूबाई १५८० च्या आसपास दिसतं. बिघाड कसलाच नसतो. ते ॲप समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या गणिती आकारापासून उंची मोजतं आणि आपल्या भागात त्या दोहोंत साठ-पासष्ट मीटरचा फरक आहे. वायुदाबावर उंची सांगणारं यंत्र असेल तर ते पायथ्याला ठाऊक असलेल्या उंचीवर जुळवून घ्यावं. दाब १ मिलिबार बदलला की आकडा साडेआठ-नऊ मीटरने हलतो, आणि पावसाळी दिवसात तेवढा बदल सहज होतो.

सेलबद्दल थोडक्यात. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्राला दोन सेल लागतात. चार्ज होणारे टाकले असतील तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलावा. त्यांचा विद्युतदाब दीडऐवजी १.२ व्होल्ट असतो, म्हणून यंत्र भरलेले सेलही अर्धे दाखवतं. मोबाइलवरच भागवणार असाल तर नकाशे घरी उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवा. जीपीएस चालूच राहतं, टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. ओल्या पडद्यावर बोट चालत नाही, एवढं मात्र गृहीत धरा.

परदेशातले नातेवाईक हौसेने यंत्र आणतात, त्यांच्यासाठी इशारा. नुसता सिग्नल घेणारं जीपीएस चालतं. पण गार्मिन इनरीचसारखं, उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाही. गोवा आणि दिल्लीच्या विमानतळांवर अशी यंत्रं सापडलेल्या परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे.

आता आपल्या दैनिकाकडे एक मागणी. पुरवणीतल्या ट्रेकच्या माहितीत अक्षांश-रेखांश छापले जातात, पण ते कोणत्या पद्धतीत आहेत ते नसतं. १९ अंश २३ मिनिटं ३० सेकंद, १९ अंश २३.५०० मिनिटं आणि १९.३९१७ अंश ही एकच जागा. पहिली नोंद यंत्रात २३.३० मिनिटं अशी भरली तर ३७० मीटरची चूक होते. १९.३९१७ हे १९ अंश ३९.१७ मिनिटं असं वाचलं तर हरिश्चंद्रगडाच्या अक्षांशावरचा बिंदू २९ किलोमीटर सरकून कळसूबाईच्याही उत्तरेला जातो. ११२ वर फोन करणाऱ्याने किंवा गावातल्या बचाव पथकाला एसएमएस धाडणाऱ्याने हीच गल्लत केली, तर पथक भलत्याच डोंगरावर चढेल. जुन्या टोपोशीटवरून (सर्वेक्षण खात्याच्या नकाशावरून) आकडे घेतले असतील तर त्या नकाशांचं एव्हरेस्ट आणि जीपीएसचं डब्ल्यूजीएस ८४ या दोन मोजमापांतला शंभरएक मीटरचा फरक वेगळाच. तेव्हा यापुढे आकडे दशांश अंशात, दशांशानंतर चार स्थळांपर्यंत, डब्ल्यूजीएस ८४ प्रमाणे छापावेत आणि खाली तसा उल्लेख करावा. चार स्थळं म्हणजे सुमारे ११ मीटर, आणि हातातलं यंत्रही साधारण तेवढंच अचूक असतं.

आपला,
एक दुर्गप्रेमी वाचक, जुन्नर