उपहासाचा नेम कोणावर असावा?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अमेरिकेतील स्थलांतरितांच्या मुलांनी इंग्रजीत लिहिलेल्या उपहासात्मक कथा-कादंबऱ्यांवर आपल्या रविवार पुरवणीत गेल्या आठवड्यात एक टिपण प्रसिद्ध झाले. ज्या आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन या मुलांना परदेशात वाढवले त्यांचीच ती चारचौघांत टिंगल करतात, अशी खंत त्यात व्यक्त झाली आहे. ही खंत मला परकी नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मी ती स्वतः अनुभवली आहे. तरीही असे लेखन म्हणजे कृतघ्नपणा होय, हा त्या टिपणाचा निष्कर्ष मला मान्य नाही.

मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे मराठी शिकवले. माझी मुलगी, जावई आणि दोन नातवंडे न्यू जर्सीत एडिसनला राहतात आणि मी अधूनमधून व्हिजिटर व्हिसावर त्यांच्याकडे जाते. मागच्या खेपेला पंधरा वर्षांच्या नातीने शाळेतल्या लेखनाच्या तासासाठी एक विनोदी गोष्ट लिहिली होती. तिच्यातली भारतातून आलेली आजी ‘व्हेजिटेबल’ हा शब्द चार तुकडे करून उच्चारते, विमानतळावर लोणच्याच्या बरणीसाठी अधिकाऱ्याशी हुज्जत घालते आणि दुकानातल्या प्रत्येक वस्तूच्या किमतीचे रुपये करून मोठ्याने सांगते. वर्ग पोट धरून हसला, बाईंनी वहीवर उत्तम शेरा दिला आणि नातीने ती वही मोठ्या अभिमानाने माझ्या हातात ठेवली. मला हसू आले नाही. त्या रात्री मला झोपही लागली नाही. लोणच्याची बरणी माझीच होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला एवढेच विचारले, “या आजीला हवंय काय? ती एवढ्या लांब आली कशाला?” ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “ते मी लिहिलंच नाही, आजी.” टिपणकारांनी ज्याला कृतघ्नपणा म्हटले आहे तो पुष्कळदा एवढाच असतो, असे मला वाटते. मुलांना घराचा आवाज ऐकू येतो, पण घरावर कशाचे ओझे आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते; मग जे ऐकू येते त्यालाच ती हसतात. हा दोष उपहासाचा नसून अर्धवट पाहण्याचा आहे.

उपहास नीट पाहून लिहिला तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतच सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे. अब्राहम कहान हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. रशियन साम्राज्यातील विल्ना परिसरातून १८८२ मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या या ज्यू लेखकाने १८९६ मध्ये ‘येक्ल’ ही छोटी कादंबरी इंग्रजीत लिहिली. कपडे शिवण्याच्या कारखान्यात राबणारा येक्ल स्वतःला जेक म्हणवून घेतो, मुष्टियुद्धाच्या आणि बेसबॉलच्या गप्पा मारतो, नाचाच्या वर्गाला जातो आणि गावी आपली बायको व मुलगा आहे हे लपवून ठेवतो. पुढे त्याची बायको गिट्ल बोटीतून उतरते, तेव्हा धर्माच्या रीतीप्रमाणे डोक्यावर केसांचा टोप घातलेल्या त्या बाईची त्याला लाज वाटते. कहान यांनी इथे एक विलक्षण गोष्ट केली आहे. पात्रे आपसांत यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा, बोलतात; ते बोलणे त्यांनी सरळ, समजणाऱ्या इंग्रजीत दिले आणि त्यात मिसळलेले मोडके इंग्रजी शब्द तेवढे तिरप्या टाइपात छापले. त्यामुळे जेक अमेरिकन असल्याचा आव आणतो तिथे वाचकाला हसू येते, पण मायबोलीत बोलणाऱ्या गिट्लला कोणी हसत नाही. शेवटी तिच्याशी घटस्फोट घेऊन दुसरे लग्न करायला निघालेला जेकच गाडीत हरल्यासारखा बसलेला दिसतो.

आयुष्यभर मुलांचे निबंध तपासलेल्या बाईला हे तंत्र पाहून किती आनंद झाला हे मी शब्दांत सांगू शकत नाही. मी नातीला म्हटले, “तुझी आजी मराठी जितकं चांगलं बोलते, तितक्याच चांगल्या इंग्रजीत तिचं बोलणं लिही. मग तिला हसायचं की नाही ते वर्गाला ठरवू दे.”

हाच धागा आजही तुटलेला नाही. चार्ल्स यू यांच्या ‘इंटिरियर चायनाटाउन’ या कादंबरीला २०२० मध्ये अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. ती पटकथेच्या रूपात लिहिलेली असून तिच्या नायकाच्या वाट्याला कोणताही एक आशियाई माणूस, एवढीच भूमिका येते. त्याचे आईवडीलही आयुष्यभर अशाच साच्यांतून गेलेले असतात. आईबापांचे उच्चार हा तिथे विनोदाचा विषय नाही. सगळी धार आहे ती त्यांना त्या साच्यांत बसवणाऱ्यांवर.

आपल्याकडच्या वाचकांना या सगळ्यामागची व्यवस्था बहुधा माहीत नसते, म्हणून ती थोडक्यात सांगते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ नसल्याने नागरिकत्वास पात्र नाही, असा निर्णय दिला. १९४६ मध्ये कायदा बदलला, तेव्हा भारतीयांसाठी वर्षाला शंभर जागांचा कोटा ठेवला गेला. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोट्याची ती पद्धत मोडली आणि डॉक्टर, इंजिनियर यांच्यासाठी दार उघडले. आपण केवळ स्वतःच्या हुशारीवर तिकडे पोहोचलो, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या आपल्या मंडळींनी हे विसरू नये की निवड आधी कायद्याने केली होती. या आत्मसंतुष्टपणावर मराठीत एखादी खणखणीत उपहासकथा कोणी लिहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता माझ्या लेकीच्या घराकडे येते. नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीनकार्डे, म्हणजे कायम वास्तव्याचे परवाने, वर्षाला सुमारे एक लाख चाळीस हजार असतात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतली साधारण सात टक्केच मिळू शकतात, मग तो देश भारताएवढा असो की आइसलंडएवढा. त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. जावई एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर आहेत. मुलगी एच-४ वर, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहे. स्वतः इंजिनियर असूनही तिला कित्येक वर्षे नोकरी करण्याची मुभा नव्हती. नात नाशिकला जन्मली आणि तीन वर्षांची असताना तिकडे गेली, म्हणून तीही एच-४ वर आहे. नऊ वर्षांचा नातू तिथेच जन्मला, म्हणून तो अमेरिकन नागरिक आहे. रांग कोणत्या तारखेच्या अर्जांपर्यंत आली हे सांगणारे सरकारी व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघते, तेव्हा घरातले सगळे आवाज थांबतात आणि “तारीख सरकली का?” हा एकच प्रश्न उरतो. लहानपणी आमच्या घरी पावसाच्या बातमीसाठी रेडिओभोवती अशीच शांतता पसरत असे.

त्यात पुन्हा एकविसाव्या वर्षाचा पेच आहे. काही सवलतींचा हिशेब सोडला, तर मूल एकवीस वर्षांचे झाले की आईवडिलांच्या अर्जातून त्याचे नाव गळते, आणि नागरिक असलेल्या मुलाला आईवडिलांसाठी अर्ज करायचा असेल तर तोही एकवीस वर्षांचा व्हावा लागतो. म्हणजे माझी नात ज्या वयात या घरातून कागदोपत्री बाहेर पडू शकते, त्याच वयात माझा नातू आईवडिलांना आत घेण्यास पात्र ठरणार आहे. ही परिस्थिती कोणत्याही लेखकाने कल्पिलेली नाही. एडिसनमधल्या एका जेवणाच्या टेबलाभोवती ती रोज संध्याकाळी वरणभात खात असते.

नातीने दुसरी गोष्ट लिहिली ती याच टेबलाची. नऊ वर्षांचा भाऊ एकटाच नागरिक, म्हणून तो मुख्य खुर्चीवर बसतो. मीठ हवे असेल तर बाबांनी त्याच्याकडे अर्ज करायचा, आईने सोबत लग्नाचा दाखला जोडायचा आणि बहिणीने आपल्या वयाचा पुरावा द्यायचा. आजी येते तेव्हा तिला सहा महिन्यांपुरती खुर्ची मिळते. तिचे बोलणे या वेळी स्वच्छ, देखण्या इंग्रजीत आहे आणि तिने आणलेल्या लोणच्यासाठी कोणालाच अर्ज करावा लागत नाही. ही गोष्ट वाचून मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मुलगी मात्र हसता हसता उठून आत गेली.

टिपणकारांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या मराठी परंपरेकडेही पाहावे. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाने घरातल्या माणसांच्या किती फजित्या सांगितल्या, पण तो स्वतः त्या घरात राहून, त्या फजितीत भागीदार होऊन सांगतो, म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांना त्यात अपमान दिसला नाही. स्थलांतरितांच्या मुलांनाही हाच न्याय लावायला हवा.

आणि एक विनंती आपल्यालाही आहे. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ मध्ये झाली. तेव्हापासून तिकडच्या मराठी माणसांनी स्मरणिका काढल्या, नाटके बसवली, रविवारच्या मराठी शाळा चालवल्या. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. परंतु माझ्या वाचनात आलेले त्यांचे लेखन बहुतांशी पहिला पाऊस, आईच्या हातची पुरणपोळी आणि गणपतीची आठवण यांभोवती फिरते. रांग, कागद, तारीख आणि त्यांच्यामुळे वाकडीतिकडी झालेली घरे त्यात येत नाहीत. ज्या कहान यांच्याविषयी मी वर लिहिले, ते न्यूयॉर्कच्या ‘फॉरवर्ट्स’ या यिडिश दैनिकाचे दीर्घकाळ संपादक होते. १९०६ मध्ये त्यांनी ‘बिंटल ब्रीफ’, म्हणजे पत्रांचे गाठोडे, या नावाचे सदर सुरू केले आणि त्यात स्थलांतरित कुटुंबे आपल्या घरातल्या अडचणी लिहून पाठवत. आपल्या पुरवणीत महिन्यातून एकदा असे एक सदर सुरू करावे, पत्रलेखकांची नावे गुप्त ठेवावीत आणि त्यात विनोदी लेखनाला मोकळी जागा द्यावी.

सुरुवात म्हणून नातीच्या दुसऱ्या गोष्टीचा मी केलेला मराठी अनुवाद, तिची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी घेऊन, सोबत जोडत आहे. एकवीस वर्षांचे झाल्यावर आईवडिलांच्या अर्जातून नाव गळणे याला तिकडे ‘एज आउट’ म्हणतात; या शब्दप्रयोगाला मी दोन आठवडे प्रतिशब्द शोधत होते. त्या घरात सगळे तो तसाच वापरतात, म्हणून अनुवादातही तो तसाच ठेवला आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक