मेलेल्यांसाठी शिजवलेले गहू

व्रोत्सवाफ,
१० जानेवारी

प्रिय वैशू,

"प्राचीन ग्रीकांचे विधी पोलंडमध्ये अजून चालतात म्हणे, खरं का गं?" एवढं एका ओळीत विचारून तू मोकळी झालीस. हो म्हणावं तर अर्धं खोटं, नाही म्हणावं तरी तेच. फोनवर एवढं टाइप करायचा मला कंटाळा, म्हणून हे पत्र.

स्वयंपाकघरापासूनच सुरुवात करते, कारण तिथला पुरावा सगळ्यात पक्का वाटतो मला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, विगिलियाला, आकाशात पहिला तारा दिसला की इथे जेवायला बसतात. टेबलावरच्या कापडाखाली थोडं वाळलेलं गवत पसरतात, आणि एक ताट जास्तीचं मांडतात. ते अवचित येणाऱ्या पाहुण्याचं म्हणतात, पण घरातल्या गेलेल्या माणसाचंही असतं. माझ्या घरमालकीणबाईंचं घराणं मूळ ल्वूफचं, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्वीवचं. १९४५ नंतर सीमा सरकल्या, ल्वूफ सोव्हिएत संघात गेलं आणि तिथले कितीतरी पोलिश लोक इकडे येऊन राहिले. त्यांच्याबरोबर कुत्या नावाचा गव्हाचा गोड पदार्थही आला. (नावाला हसू नकोस.)

साल काढलेले अख्खे गहू रात्रभर भिजवायचे आणि दुसऱ्या दिवशी मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचे. दाणा मऊ व्हायला हवा, पण फुटता कामा नये. इथली खसखस निळसर काळी. ती उकळत्या दुधात भिजवून मकुत्रात घालतात. मकुत्रा म्हणजे आतून खरबरीत खाचा असलेलं मातीचं भांडं. त्यात लाकडी दांड्याने ती गोल गोल घोटत बसायचं, पांढरट दूध सुटेपर्यंत. यंदा ते काम माझ्या गळ्यात पडलं, खांदा भरून आला. मग मध, अक्रोड, मनुका. पहिला घास कुत्याचा.

आता अथेन्सला चल. तिथे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास अँथेस्टीरिया नावाचा तीन दिवसांचा सण असे. पहिल्या दिवशी नव्या वाइनचे रांजण उघडायचे, दुसऱ्या दिवशी पिण्याच्या पैजा लावायच्या आणि तिसरा दिवस मडक्यांचा. मडक्यात तऱ्हेतऱ्हेची धान्यं एकत्र शिजवून ती मृतांना वाट दाखवणाऱ्या हर्मीस देवाला वाहायची. याला म्हणत पान्स्पर्मिया. या दिवसांत मेलेली माणसं गावात फिरतात, म्हणून लोक दारांना डांबर फासत आणि एका काटेरी झुडपाची पानं चघळत. सण सरला की चक्क हाकलून देत, "दाराबाहेर व्हा, अँथेस्टीरिया संपला!"

ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही मृतांच्या स्मरणार्थ गहू शिजवून, वर डाळिंबाचे दाणे घालून वाटतात. त्याला कोलिवा म्हणतात. रशिया-युक्रेनच्या चर्चमध्ये त्याच नैवेद्याचं नाव कुत्या. कीव्हने ९८८ साली ख्रिस्ती धर्म घेतला तो ग्रीकांकडून. पोलंडने ९६६ साली घेतला तो रोमच्या बाजूने. म्हणूनच कुत्या पोलंडच्या पूर्व सीमेवर दिसते आणि पश्चिमेकडच्या जुन्या घरांत सहसा दिसत नाही. मडक्यापासून चर्चपर्यंतचा धागा सलग आहे असं शपथेवर नाही सांगणार, पण नकाशा बघून मला तरी ही वाट पटते.

मृतांना जेवू घालून परत पाठवायचा विधीही पूर्वेकडचाच, नाव 'दझ्यादी' म्हणजे पूर्वज. पोलिश कवी आदाम मित्सकिएविच यांनी त्यावर याच नावाचं काव्यनाट्य लिहिलं. त्याचा दुसरा भाग १८२३ साली विल्नोत, म्हणजे आजच्या व्हिल्निअसमध्ये, छापला गेला. त्यात दोन लहान मुलांचे आत्मे येतात. त्यांना मिठाई नको असते, फक्त मोहरीचे दोन दाणे हवे असतात. जन्मात कडू चव चाखली नाही म्हणून स्वर्गाचं दार बंद! शेवटी मांत्रिक "आ किश, आ किश" करून आत्म्यांना घालवतो. मित्सकिएविच स्वतः ग्रीक-लॅटिन शिकलेले. होमरच्या काळच्या ग्रीसमध्येही मृतांना अशी जेवणं घालत, हे त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवलंय. पण शेजारीच स्कँडिनेव्हिया, पूर्वेकडचे देश आणि नव्या जगातली बेटंही मांडलीत. साम्य दाखवून ते थांबले, वारसा सांगितला नाही. हा संयम मला फार आवडतो.

कारण सगळ्यांकडे तो नसतो. पंधराव्या शतकात यान द्वुगोश या इतिहासकाराने पोलिश देवतांना सरळ रोमन नावं चिकटवली. हिवाळा संपताना जिचा गवताचा पुतळा नदीत बुडवतात ती मार्झान्ना म्हणजे सेरेस, म्हणजेच ग्रीकांची डिमीटर! कणसांची देवी आणि बुडवायचा पुतळा, कशाचा कशाला मेळ नाही. शुद्ध बादरायण संबंध.

झावळ्यांचं प्रकरण त्याहून गमतीचं. अथेन्समध्ये शरद ऋतूत मुलगे ऑलिव्हच्या फांदीला लोकर गुंडाळून, अंजिरं आणि छोट्या भाकऱ्या लटकवून गाणी म्हणत हिंडत. त्या फांदीला एरेसिओनी म्हणत. मग ती वर्षभर दारावर. वाळून इतकी कोरडीठाक होई, की नाटककार ॲरिस्टोफेनिसने एका म्हातारीची थट्टा केलीय, ठिणगी पडली तर जुन्या एरेसिओनीसारखी पेटेल म्हणून. पोलंडमध्ये ईस्टरच्या आधीच्या रविवारी ताडाच्या झावळ्यांऐवजी विलोच्या फांद्या, सुकी फुलं, रंगीत कागद बांधून 'पाल्मा' करतात, कारण ताड इथे उगवत नाही. लिप्नित्सा मुरोवाना गावात १९५८ पासून त्यांची स्पर्धा भरते. २०१९ ची विजेती ३७ मीटरपेक्षा उंच होती. घरातली छोटी पाल्मा वर्षभर देवाच्या तसबिरीमागे राहते आणि जुन्या पाल्मांची राख पुढच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी कपाळाला लागते. विलोचा मऊ कोंब गिळला की घसा धरत नाही, असंही इथल्या आज्या सांगतात. मी गिळला नाही.

तू लगेच म्हणशील, ही तर आपली गुढी! तेच तर. गुढी अथेन्सहून आली असं तू म्हणणार नाहीस, मग पाल्मा का म्हणायची? गंमत म्हणजे एरेसिओनी आणि उत्तर युरोपातल्या कापणीच्या फांद्या शेजारी ठेवून पाहणारा एकोणिसाव्या शतकातला लोकरीतींचा अभ्यासक विल्हेल्म मानहार्ट हा पोलंडमधल्या ग्दान्स्कचाच. शहर तेव्हा प्रशियाचं. तिथल्या ग्रंथालयात नोकरी करत त्याने कापणीच्या चालीरीतींवर प्रश्नावल्या छापून गावोगाव धाडल्या, आणि शहरात आणलेल्या युद्धकैद्यांनाही विचारून घेतलं. कैद्याला "तुमच्याकडे शेवटची पेंढी कशी बांधतात?" विचारणारा माणूस डोळ्यांसमोर आण जरा.

आता एक काम तुझ्याकडे. १९४३ ते १९४८ तुमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बरीचशी याच पूर्व भागातली. तिथे नाताळात काय शिजायचं, हे आठवणारं किंवा घरात ऐकलेलं कुणी गावात असेल तर विचारून बघ. गहू मिळायला अडचण नव्हती, पण काळी खसखस कुठून आणली असेल त्यांनी?

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
मेधा